नगरसेवक नव्हते तेव्हा

दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेच्या मतदानाला दांडी मारून अलिबागला गेलेल्या आमच्या सोसायटीतल्या मंडळींवर मी गेल्या लेखात तोंडसुख घेतलं, पण शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकण्यापलीकडे मी स्वतः पाच वर्षांत काय केलं? आणि सगळेच उमेदवार एका माळेचे मणी असतील, तर घरी बसणारा निदान ढोंग तरी करत नाही.

पहिला प्रश्न वर्मी लागला. उत्तर आहे: फारसं काही नाही. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली सगळे तिथल्या ट्रॅफिकवर बोलत बसतात.) मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी, असं राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट आहे. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत ती अडकली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे गाडा हलला आणि १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आणि मला हे वर्षभर जाणवलंसुद्धा नाही.

जाणवलं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंमुळे. त्यांना मुलाच्या कसल्याशा अर्जाला रहिवासाचं पत्र जोडायचं होतं. "ताई, साहेबांचं ऑफिस तर बंद झालं. आता पत्र कुणाकडनं आणायचं?" माझ्या लेखी नगरसेवक म्हणजे दिवाळीला उटण्याची पुडी वाटणारा फ्लेक्सवरचा चेहरा. त्यांच्या लेखी तो सही-शिक्का होता, आणि रात्री नळाला पाणी आलं नाही तर ज्याचं दार वाजवता येतं असा माणूस. तो असला-नसला तरी माझं काही अडत नव्हतं, कारण माझ्या सोसायटीला टँकर परवडतो.

त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण तुटलं. कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलं. मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी मेसेज: "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे." खाली उतरून पाहिलं, तर फांदी नवीन होती.

आता तुमचा दुसरा मुद्दा, सगळे सारखेच. असतीलही. पण त्यासाठी घरी बसायची गरज नाही, मतयंत्रावर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण आहे. स्थानिक निवडणुकांत तर त्याला थोडा दातही आहे: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच काढलाय. (फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. तेव्हा फार हुरळून जाऊ नका.) यंदा काही ठिकाणी उमेदवार बिनविरोध आले आणि तिथल्या लोकांना त्या जागेसाठी नोटाचं बटणसुद्धा दाबायला मिळालं नाही. तुमचा राग तिकडे वळवलात तर मी तुमच्या बाजूने लिहीन.

एका बाबतीत मात्र मी चुकले. मत न देणारे सगळे मी एकाच चाळणीतून काढले. मतदानाच्या दिवशी त्याच बाई तीन घरच्या पोळ्या उरकून केंद्रावर गेल्या. सुट्टी सरकारने जाहीर केली होती, पोळ्यांना नव्हती. नवऱ्याचं नाव घराजवळच्या शाळेत, यांचं पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. खोली एकच, आणि याद्या दोन. रिक्षाला साठ रुपये गेले, दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. आत गेल्यावर एक बटण दाबून निघाल्या, तर अधिकारी मागून ओरडले, "अहो मावशी, अजून तीन राहिली!" चारचा प्रभाग: अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणून मतंही चार. हे त्यांना आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. रोज सकाळी माझ्या ओट्याशी उभ्या असतात. त्या कंटाळून घरी परतल्या असत्या तर मी त्यांनाही आळशी म्हटलं असतं का, हा प्रश्न तुमच्यामुळे पडला.

पण अलिबागवाल्यांबद्दलचा शब्द मागे घेत नाही. त्यांचं केंद्र आमच्याच क्लबहाउसमध्ये होतं. लिफ्टने खाली यायचं, दहा मिनिटांत पुन्हा वर. बुधवारी संक्रांत, गुरुवारी मतदानाची सुट्टी, शुक्रवारची रजा टाकली की पुढे शनिवार-रविवार. गणित त्यांनी छान जुळवलं होतं.

झाकणाचं विचाराल, तर आता नगरसेवक चार आहेत आणि अडचणही चौपट. 'अ'कडे गेले, ते म्हणाले ती गल्ली 'क' बघतात. 'क'च्या ऑफिसातल्या मुलाने क्षेत्रीय कार्यालयात पाठवलं. तिथले साहेब साइटवर. गेल्या आठवड्यात अखेर झाकण बसलं, रस्त्यापेक्षा चांगलं चार बोटं वर. परवा अंधारात त्यावर एक डिलिव्हरीवाला मुलगा स्कूटरसकट पडला.

तुम्हीही याच भागात राहता असं लिहिलंय. सोमवारी साडेअकराला मी क्षेत्रीय कार्यालयात पुन्हा जाणार आहे, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. येणार असाल तर कळवा, तिसरी काढून ठेवते.