सफरचंदातून गेलेली गोळी खरी आहे

सफरचंदाच्या आरपार गेलेली गोळी आणि दोन्ही बाजूंना उसळलेला गर, हा फोटो सध्या एका मजकुरासोबत फिरतोय: "जगात कुठल्याच कॅमेऱ्याचं शटर एवढं वेगवान नाही. नेमक्या क्षणी बटण दाबणं माणसाला शक्य नाही. गोळी जिथून शिरली तिथूनही गर बाहेर कसा उडेल? फोटो कॉम्प्युटरवर बनवलेला आहे." माझ्याकडे फोटोग्राफी शिकणाऱ्या दोघांना हे पटलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

फोटो अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांचा आहे, १९६४ सालचा.

शटरचं म्हणणं नेहमीच्या कॅमेऱ्यांपुरतं खरं आहे, पण निष्कर्ष चुकलाय. रायफलची गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर जाते. चांगल्या कॅमेऱ्याचं १/८००० सेकंदाचं शटर उघडून मिटेपर्यंत ती दहा सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकते, म्हणजे अख्खं सफरचंद ओलांडते. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बटलरच्या सभेत फोटोग्राफर डग मिल्स यांनी याच शटरवर टिपलेल्या फोटोत ट्रम्प यांच्या डोक्यामागे गोळीची नुसती रेघ दिसते, ती यामुळेच.

एजर्टन यांनी शटरवर भिस्त ठेवलीच नव्हती. खोलीत अंधार, शटर आधीपासून उघडं. फिल्मवर काहीच उमटत नाही, कारण उजेडच नाही. मग फ्लॅश एकदाच चमकतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ. एवढ्यात गोळी एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. फोटो त्या चमकेचा असतो.

हे घरी करून बघता येतं. फुग्यात पाणी भरून टांगा, खोलीत अंधार करा, साधा फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा, शटर दोन सेकंद उघडं ठेवा आणि टाचणी टोचताच फ्लॅश उडवा. मला बाविसाव्या फुग्याला जमलं: रबर फाटून मागे आक्रसलेलं आणि पाणी तसंच, फुग्याच्या आकारात हवेत उभं, अंगभर बारीक सुरकुत्या. त्या दिवशी मी किती वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो! अर्थात हा फ्लॅश रायफलच्या गोळीला पुरत नाही. त्याच्या सगळ्यात छोट्या, १/३०००० सेकंदाच्या चमकेतही ती जवळपास तीन सेंटिमीटर फराटा ओढते. त्यासाठी एजर्टन हवेतून उडणारी विजेची ठिणगी वापरत.

बोटाचा तर प्रश्नच नाही. फ्लॅश उडवतो तो मायक्रोफोन. गोळीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की सर्किट ठिणगी सोडतं. माइक थोडा पुढेमागे सरकवला की गोळी फोटोत वेगळ्या जागी सापडते.

दोन्हीकडे उडालेला गर हा मजकुरातला सगळ्यात चांगला प्रश्न. सफरचंदात बहुतांश पाणीच असतं. गोळी शिरताना गराला चहूबाजूंनी जोरात ढकलते, आणि दाबलेला गर मोकळी वाट मिळेल तिकडे धावतो. शिरतानाचं भोक हीसुद्धा मोकळी वाटच.

आणि कॉम्प्युटर? १८८६ मध्ये फ्यूमे (आजचं क्रोएशियातलं रिएका) इथल्या नौदल अकादमीत पेटर साल्खर यांनी, प्रागचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून, ठिणगीच्याच उजेडात धावत्या गोळीचे फोटो काढले होते. त्यांत नुसती गोळी नाही, तिच्या टोकापुढे हवेत उमटलेली धक्कालहरही दिसते, होडीपुढे पाणी दुभंगावं तशी.