ठोकळा घातला, आणि वर गोंदही लावला

लाकडाचे ठोकळे. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात त्या गिटार दुरुस्तीवाल्यानं लाकडाचे दोन ठोकळे घातलेत. ब्रिजखाली लोंबणाऱ्या धातूच्या ब्लॉकच्या पुढून एक, मागून एक. आणि नुसते घातले नाहीत, गोंद लावून पक्के चिकटवलेत. एकावर तर सनमायका आहे. फिकट सागवानी डिझाइन. कुणाच्या तरी किचन ट्रॉलीचा उरलेला तुकडा माझ्या फ्लोटिंग ब्रिजला (तारा जिथं अडकतात तो, मागून स्प्रिंगांनी ओढून तरंगता ठेवलेला) टेकू म्हणून लावून हा गृहस्थ मला छातीठोकपणे सांगतो, "साहेब, आता ट्यूनिंग हलली तर नाव बदलेन."

हलेल कशी? चिणून टाकलीस ना बाबा.

गणपतीच्या आधी देतो म्हणाला होता. दसरा उलटला. मध्ये प्रत्येक फोनला "साहेब, तुमच्यावरच काम चालू आहे". काल एकदाचा निरोप आला, तसा वागळे इस्टेटमधून सुटून थेट नौपाड्यात गेलो. दुकानात त्यानं ॲम्प लावला, एक ई मायनर छेडला, ट्यूनरवर सहाही तारांचा हिरवा दिवा दाखवला आणि बाराशे रुपये घेतले. मी बापडा खूश. तीन हात नाक्यापासून मानपाड्यापर्यंत त्या ट्रॅफिकमध्ये गिटार मांडीवर घेऊन रिक्षात बसलो, कापूरबावडीला सिग्नल किती वेळा सुटून पुन्हा लागला त्याचीसुद्धा चीड आली नाही. घरी आलो, हातपाय धुतले, ब्रिजला आर्म (सूर खालीवर करायचा दांडा) बसवला आणि दाबला.

काही नाही. जरा जोर लावला. काहीच नाही. आणखी लावला तर आर्मच वाकेल की काय असं वाटायला लागलं. गिटार उलटी केली, मागची पाटी काढली (तिच्या सहा स्क्रूंपैकी दोन गायब, बाकीच्यांतल्या एकाचे आटे गेलेले), आणि आत हे सुतारकाम.

बरं, लाकूड घातलंस ते घातलंस, वर पाच स्प्रिंगा कशासाठी? माझ्या तीन होत्या. पाचही खाचा भरल्यात. यातल्या दोन माझ्या नाहीत, गंजलेल्या आहेत, कुठल्या तरी मयत गिटारमधून काढलेल्या. ब्रिज मागे झोपलाय, त्यामुळे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) पंधराव्या फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या पट्टीच्या, पुढे तार वाजत नाही, नुसती खरखरते. आणि फाइन ट्यूनर, सूर बारीक जुळवायचे ब्रिजवरचे स्क्रू! सहाच्या सहा तळापर्यंत पिळलेले. नेकच्या टोकाचा, तारा पकडून ठेवणारा नट इतका आवळलाय की एलन की घातली तर आधी कीच पीळ खाते. म्हणजे उद्या सूर जरा उतरला तर वर न्यायला जागाच नाही. हा तो न हलणारा सूर.

फोन केला. मी अजूनही "तुम्ही"वरच होतो, हे नोंदवून ठेवतो.

"अहो, तुम्ही ब्रिज ब्लॉक केलाय?"

"हो साहेब. ट्यूनिंगची कम्प्लेंट होती ना तुमची?"

"कम्प्लेंट नव्हती. सेटअप सांगितला होता. कागदावर लिहून दिलं होतं."

"ते हँडल तसं कुणी वापरत नाय साहेब. मी सगळ्यांचं असंच करून देतो."

सगळ्यांचं! म्हणजे कळव्यापासून घोडबंदरपर्यंत कपाटांवर पडलेल्या कितीतरी गिटारींच्या पोटात हा सनमायका असणार, आणि मालकांना पत्ताही नसणार. आणि कागद? तो बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होता. मी घातलेली घडी तशीच. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नऊच्या तारा काढून दहाच्या टाका, ब्रिज बॉडीला समांतर, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची ॲक्शन १.६ मिमी, इंटोनेशन बघा. चार ओळी. (नऊ-दहा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात. ॲक्शन म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची. इंटोनेशन म्हणजे नेकवर वरखाली सगळीकडे सूर खरा लागणं.) मी क्वालिटीत काम करतो, ड्रॉइंगवर टॉलरन्स नसला तर आम्ही पार्ट परत पाठवतो. इथं टॉलरन्स दिला तर माणसानं ड्रॉइंगच उघडलं नाही.

"एवढं येतं तर स्वतःच का नाही केलंस?" हा प्रश्न बायकोनं काल रात्रीच विचारून झालाय, तुम्ही नका विचारू. फ्लोटिंग ब्रिजवर तारांचा नंबर बदलणं ही काय चीज आहे हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. नऊ-बेचाळीसचा सेट स्टँडर्ड ट्यूनिंगला सगळा मिळून साधारण ३८ किलोनं ओढतो, दहा-सेहेचाळीसचा साधारण ४६. हे वरचे आठ किलो मागच्या तीन स्प्रिंगांनी सांभाळायचे. म्हणून क्लॉचे (स्प्रिंगा जिला अडकवतात त्या पट्टीचे) दोन स्क्रू पाव पाव आटा आवळत जायचं. सहावी लावली. पाचवी लावली, सहावी उतरली. चौथी लावली, त्या दोन्ही उतरल्या. पहिलीपर्यंत पोचेस्तोवर सहावी डी शार्पच्याही खाली, आणि ब्रिज पुढे वाकून उभा. मग मागून स्क्रू आवळा. आता सगळ्या चढल्या. पुन्हा सहावीपासून. असं करत करत कधीतरी सगळं जुळतं, ब्रिज सपाट दिसतो, डोळ्यात पाणी येतं, आणि तेवढ्यात लक्षात येतं की ॲक्शन अजून बघायचीच आहे.

इंटोनेशनचं तर नावच काढू नका. साध्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर मागून स्क्रू फिरवला की सॅडल (जिथं तार टेकते तो तुकडा) सरकतं. माझ्या फ्लॉइड रोज ब्रिजवर आधी ती तार पूर्ण ढिली करायची, म्हणजे बाकीच्या पाच बोंबलल्या. मग सॅडलचा बोल्ट सैल करून ते अंदाजानं, हो, अंदाजानं, बोटानं मिलिमीटरभर मागे ढकलायचं. बोल्ट आवळा, तार चढवा, पाचही पुन्हा लावा, बाराव्या फ्रेटवर दाबून बघा. अजून चढाच. पुन्हा ढिली करा. एका तारेचं झालं. उरल्या पाच.

आणि या सगळ्याला लागणारी एलन की. जांभळी नाक्याला हार्डवेअरच्या दुकानात "तीन एमेमची द्या" म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा न बघता इंची सेट पुढे करतो. "सगळं सेमच असतं काका." सेम नसतं रे! इंचातली जवळची की ३ मिमीच्या खाचेत एक तर जात नाही, नाहीतर जाते आणि गरगर फिरून खाच गोल करते. मग तो बोल्ट काढायला ड्रिल. नटचा मधला बोल्ट मी असाच गमावलाय, आणि तो सुटा कुठं मिळत नाही, तिघांचा सेटच घ्यावा लागतो. आणि "काका" कुणाला म्हणतोस?

युट्यूबवरचे गोरे लोक वेगळेच. लाकडी भिंतींची खोली, कोपऱ्यात ह्युमिडिफायर. "खोलीची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा." जुलैत ये ठाण्याला. माझ्या हॉलमध्ये पापड मऊ पडायला ताटात वाढेपर्यंतचा वेळ पुरतो. एसी लावला की नेक एकीकडे, बंद केला की दुसरीकडे, आणि लाइट गेली की तिचं तिनं ठरवायचं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारायची सळी) फिरवला की ॲक्शन बदलते, ॲक्शन बदलली की इंटोनेशन. नव्या तारा घामानं चार दिवसांत काळ्या. मग तारा बदला. मग वरचं सगळं पुन्हा वाचा.

आता तो टेलीकास्टर गिटारवाला मित्र. प्रत्येकाच्या ओळखीत एक असतो. साधा फिक्स्ड ब्रिज, मधेच मूड आला म्हणून ड्रॉप डी करतो (सहावी तार ई वरून डीला उतरवतो), वाजवतो, परत ई करतो, चहा पितो. मी सहावी डीला उतरवली तर स्प्रिंगा जिंकतात आणि बाकीच्या पाचही चढतात. "अरे, हार्डटेल घे ना," तो म्हणतो. दर वेळी म्हणतो. मी बिर्याणी कच्ची राहिल्याची तक्रार करतोय आणि हा म्हणतोय वरण-भात खा.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत वाजवत होतो. पहिलीच तार तुटली. तार तुटते, कुणाचीही तुटते. पण इथं एक तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाच तारा भलत्याच सुरात. कीबोर्डवरचा मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या पायावर पाय दिलाय. मी थांबलो. तर पुढच्या रांगेतून बी विंगच्या काकू मोठ्यानं, "अरे, एकच तुटली ना? पाच आहेत की अजून, वाजव!" काकू, तुमचं अगदी बरोबर आहे. जगातल्या बहुतेक वाद्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. त्यानंतर भजनी मंडळ बसलं. त्यांची पेटी काकूंच्या सासऱ्यांच्या वेळची, गणपती संपला की कॉटखाली सरकवतात, पुढच्या गणपतीला काढतात. सुरात.

दोष खरं तर कुणाला द्यायचा? लिओ फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरला स्प्रिंगांवर डोलणारा ब्रिज लावला. लोकांनी तो दाबला आणि सूर गेला. मग फ्लॉइड रोज नावाच्या माणसानं ठरवलं की तार नटवर एकदा आणि ब्रिजवर एकदा, दोन्हीकडे पकडूनच टाकायची. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं, एडी व्हॅन हेलननं तो ब्रिज वाजवून गाजवला आणि पुढची दहा-बारा वर्षं जगात तो नसलेली गिटार घेणारा म्हणजे मागासलेला. कल्पना अचाट आहे, मी नाही म्हणत नाही. आर्म पार खाली नेऊन तारा लोंबेपर्यंत सोडा, हात काढा, सूर जागच्या जागी. फक्त एवढंच की तो एकदा तरी लागलेला असायला हवा.

आता जरा पाणी पिऊन खरं सांगतो. मी आर्म वापरतो किती? आमच्या कार्यक्रमात मराठी गाणी, थोडी हिंदी, शेवटी मुलांच्या आग्रहाखातर एखादं इंग्रजी. आर्म वापरायची संधी त्या शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सुराला. तो सूर लांबवून मी हळूच खाली नेतो आणि वर आणतो. एकूण तीन-चार सेकंद. मागच्या वेळी मी तो खाली नेला तेव्हा साउंडवाल्यानं धावत येऊन माझी वायर तपासली. बायकोला वाटलं लाइटचं व्होल्टेज गेलं. म्हणजे दुकानवाल्याचं म्हणणं, की हँडल कुणी वापरत नाय, आकडेवारीनं बघायला गेलं तर माझ्याबाबतीत जवळपास सिद्ध होतं.

तरी. तरीही! ते चार सेकंद माझे आहेत. कॉर्ड धरून आर्मला नुसतं बोट टेकवायचं आणि सहाही तारा एकदम थरथरतात, सूर जागेवरून अर्धवट उठतो, वरही जातो, खालीही येतो. वर जातो हे महत्त्वाचं, त्यासाठीच तर ब्रिज हवेत तरंगता ठेवायचा असतो. ते करायचं की नाही हे मी ठरवणार. गाडीचा ब्रेक करकरतो म्हणून दिली तर चाकांना वेल्डिंग करून परत देतात का? "आता करकरणार नाय साहेब."

तर आजची सुट्टी अशी गेली. बायकोच्या हेअर ड्रायरनं गोंद तापवून ठोकळे सोडवत बसलो. सनमायकावाला आला. दुसरा अर्धा आला, अर्धा तुटून आत राहिला, तो पटाशीनं तासून काढावा लागला, आणि पटाशी एकदा घसरली ती कुठं लागली ते मी इथं लिहिणार नाही. जेवणाच्या टेबलावर टॉवेल, त्यावर गिटार पालथी, बाजूला स्प्रिंगांची वाटी. मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, ऑपरेशन सक्सेसफुल?" बायको म्हणाली, "पाहुणे यायच्या आत त्या पेशंटला टेबलावरून हलव."

ठोकळे निघाले, त्या दोन परक्या स्प्रिंगा काढल्या, राहिल्या माझ्या तीन. क्लॉचे स्क्रू होते तिथंच ठेवले. दहाच्या तारांना तीन स्प्रिंगा म्हणजे आता ब्रिज पुढे वाकणार, मग आवळत जायचं, असं धरून सूर चढवायला घेतला. ब्रिज पुढे वाकेचना. सरळ उभा. जवळजवळ समांतर. मला आधी आनंद झाला. मग आनंदाचा संशय आला. असं होतच नाही. या ब्रिजच्या बाबतीत पहिल्या फटक्यात काहीही होत नाही.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर दुकानवाल्याचा मेसेज. रिव्ह्यूची लिंक, हात जोडलेले, पाच तारे, "साहेब, दिवाळीच्या शुभेच्छा, मित्रांनाही सांगा."

मी कपाटातून मायक्रोमीटर काढला. पहिली तार. ०.२३ मिमी. पुसून पुन्हा धरली. ०.२३. दहाची तार ०.२५ भरते. हा नऊचाच सेट आहे, आणि चकाकी बघता नवाही नाही, माझाच जुना पुसून लावलाय.

दहाचं सीलबंद पाकीट मी स्वतः विकत घेऊन त्याच्या हातात दिलं होतं. ते कुठाय?