खुलासा: नव्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळकाचा (पास्टरचा) शब्द अखेरचा?

‘मंडळी ज्याने सुरू केली त्या पाळकाचाच शब्द अखेरचा, हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास; बायबल हेच सांगतं,’ असा मेसेज फिरतोय. बायबल असं सांगत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 6 उघडा: पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होतं, कुरकुर सुरू होते. प्रेषित, म्हणजे येशूने पाठवलेले पहिले पुढारी, ती दाबत नाहीत. या कामासाठी सात माणसं निवडायला मंडळीलाच सांगतात. पैशाचंही तसंच. प्रेषित पौल गोळा केलेलं दान एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून (बायबलमधलं करिंथकरांस दुसरे पत्र, 8:19-21). मंडळीचा कारभार बिशपने चालवावा, वडीलमंडळाने (ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या गटाने) की सभासदांच्या सभेने, यावर पंथांत प्रामाणिक मतभेद आहेत. पण हिशेब मागणाऱ्या सभासदाला कृपा करून अविश्वासू ठरवू नका. मंडळीच्या खात्यावर सुरुवातीपासूनच दोन सह्या ठेवा.