काढून ठेवतो, पडून राहील

आज सकाळी भाच्याचा फोन. मामा, आजोबांचं नाशिमेंत तुझ्याकडे आहे ना, झेरॉक्स पाहिजे, पोर्तुगीज पासपोर्ट करतोय. नाशिमेंत म्हणजे पोर्तुगीज काळातला जन्माचा दाखला. म्हटलं कुठे चाललास? तर म्हणे कुठेच नाही अजून, पण दुसरा पासपोर्ट असलेला बरा, काढून ठेवतो, पडून राहील. ते 'पडून राहील' तेव्हापासून डोक्यात घुमतंय.

पडून कसा राहील रे? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. तिकडचं घेतलं की इकडचं गेलं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात आहे ते. एजंट फक्त एवढंच सांगतो की १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना मिळतं, लिस्बनला जन्म नोंदवला की झालं. पुढे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, हे तुमचं तुम्ही बघा.

आमच्या दादाने केलं ना. बाबांचं नाव नाशिमेंतात केशोवा पोरोबो, शाळेच्या दाखल्यावर केशव परब, रेशनकार्डावर केशव परोब. हा सगळा एकच माणूस आहे हे सिद्ध करायला दीड वर्षं ॲफिडेविटं चालली होती, आणि तो माणूस तेव्हा ओसरीवर बसून सुपाऱ्या सोलत होता.

पण मला ते आठवत नाही, मला ७ मे २०२४ आठवतो. लोकसभेचं मतदान. दादा सुट्टीवर आलेला. आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही म्हणून तोच तिला हाताला धरून शाळेपर्यंत घेऊन गेला, आणि फाटकाजवळ थांबला. आई आपली दोन पावलं पुढे जाऊन वळली, म्हणाली, चल ना रे, तुझं नाही का? दादा म्हणाला, तू जाऊन ये. आंब्याच्या सावलीत उभा राहिला तो. ज्या शाळेत पाटी घेऊन गेला त्याच शाळेच्या बाहेर.

मान्य आहे, पैसा आला. २०१४ ला इंग्लंडात स्विंडनला गेला म्हणून आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगल्या ठिकाणी झालं, आमच्या घरावर नवीन कौलं चढली, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा इंग्लंडचं दार उघडं होतं. २०२० संपलं तसं ब्रेक्झिटमुळे ते पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनाही बंद झालं, आता नव्याने जाणाऱ्याला तिथे कामासाठी व्हिसाच लागतो. मग कुणाच्या भरवशावर काढून ठेवताय? आणि शेजारचं काकांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, विकायला निघालं तेव्हा दादाकडे पैसे तयार होते, तरी घेता आलं नाही, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. बाहेरच्याने घेतलं ते. दादा त्या रात्री जेवला नाही.

ज्याला खरंच जायचंय, पोटासाठी जायचंय, त्याने जावं, मी कोण अडवणारा. दादावर राग नाहीच माझा, उलट त्याच्याबद्दल बोलताना घसा दाटतो. राग आहे तो या 'असू दे एक' म्हणण्याचा, जणू जास्तीची छत्रीच घ्यायचीय.

त्या दिवशी आई बाहेर आली ती शाई लागलेलं बोट पदराखाली घेऊन. दादाला दिसू नये म्हणून. घरी येईपर्यंत हात बाहेर काढला नाही तिने.

भाच्या, नाशिमेंत कपाटात आहे, वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. संध्याकाळी ये, देतो. पण आधी स्वयंपाकघरात आजीजवळ जरा बस, आणि तिला त्या दिवसाचं विचार.