‘पिंपांवरचा तराफा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

पहिली पाँटून बोट (‘ट्यूब’ म्हणजे लांब, बंद नळकांड्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट) घेणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि उठलो, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते मलाच नंतर आवडलं नसतं. दोन दिवस गेले, तरी सल गेली नाही. म्हणून आता लिहितोच.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. पहिली बोट दोन ट्यूबची, वापरलेली पण नीट तपासलेली घ्यावी आणि तिसऱ्या ट्यूबच्या मागे धावू नये, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत, “हा सल्ला देणाऱ्याने पिंपांवरच्या तराफ्यावर दहा माणसं बसवून एकदा तरी वाऱ्यात जाऊन यावं, मग लोकांना शहाणपण शिकवावं.” शिवाय ॲनोड (बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेला, स्वतः झिजणारा धातूचा तुकडा), इंजिनाची ताकद, ट्रेलर आणि वॉरंटी असे आणखी चार मुद्दे.

जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. ॲनोडबद्दल मी सरसकट ‘जस्ताचा लावा’ असं लिहिलं, ते चुकलं. जस्त खाऱ्या पाण्यासाठी. गोड्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं, तिथे मॅग्नेशियम हवं. ॲल्युमिनियमचा ॲनोड दोन्हीकडे चालतो. आपण दाखवून दिलंत, आभार.

आता ‘तराफा’. हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरलात, हे उघड आहे. पण या बोटीचा जन्म खरोखरच पिंपांवर झाला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अँब्रोझ वीरेस नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फळ्यांचा मंच ठोकला. दोन बाजूंना तरंगणारं काहीतरी आणि मध्ये सपाट डेक, एवढीच त्यामागची कल्पना होती, आणि ती तळ्यावर इतकी स्थिर ठरली की आजची महागातली महाग पाँटूनसुद्धा तीच कल्पना घेऊन तरंगते. पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या ट्यूब आल्या, ट्यूबच्या आत बंद कप्पे आले, फळ्यांच्या जागी मरीन प्लायवूड आलं. लाज वाटावी असं यात काय आहे, ते मला कळलं नाही. लोक आयुष्यभराची हौस म्हणून अशी बोट घेतात. त्यांच्या बोटीला तराफा म्हणताना जरा विचार करायला हवा होता.

आणि ‘एकदा तरी जाऊन यावं’? अहो, मी अकरा हंगाम दोन ट्यूबचीच बोट चालवतो आहे. वीस फुटी, २५ इंच व्यासाच्या ट्यूब, साठ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. वाऱ्यात गेलो आहे, भर उन्हात बंद पडलेल्या इंजिनाशेजारी तीन तास बसलो आहे, अंधारात धक्का शोधला आहे. हे सगळं लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख माझ्याबद्दल नव्हता.

दहा माणसांचा हिशेब मांडतो. २५ इंच व्यासाची, वीस फूट लांब ट्यूब पूर्ण बुडाली तर पुढचा निमुळता भाग धरूनही अठराशे-एकोणीसशे किलोच्या आसपास भार उचलते. दोन मिळून साडेतीन टनांच्या वर. त्यासमोर बोटीचं स्वतःचं वजन साधारण नऊशे किलो धरा, इंजिनाचे सव्वाशे, पेट्रोलचे सत्तर आणि दहा माणसांचे साडेसातशे. अठराशेच्या थोडं पुढे. म्हणजे ट्यूब जेमतेम अर्ध्या पाण्यात. अर्थात बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर आठ माणसं लिहिली असतील तर आठच बसवायची, माझा हिशेब पाटीपेक्षा मोठा नाही. पण ‘दोन ट्यूबवर माणसं बसवली की बोट बसते’ असा जो सूर आपण लावलात, त्याला या आकड्यांत कुठे जागा आहे?

धोका वजनात कमी आणि वजनाच्या जागेत जास्त असतो. दुसऱ्या हंगामातली गोष्ट. बोटीवर सात जण, त्यात चार मुलं. समोर पाण्यावर पक्ष्यांचा थवा उतरला आणि सगळी मुलं एकदम पुढच्या गेटपाशी धावली, त्यांच्यामागे त्यांना धरायला दोन मोठी माणसं. मी घाबरून थ्रॉटल एका झटक्यात मागे ओढला. तीच चूक. वेग एकदम तुटला की नाक खाली जातं आणि आपलीच लाट मागून येऊन बोटीला पुढे ढकलते. गेटखालून पाणी डेकवर आलं, चपला तरंगल्या, एका मुलाचे गुडघे भिजले. दोन-तीन सेकंदांत ते कडेने वाहून गेलं, पण ते सेकंद मला अजून मोजता येतात. त्या दिवसापासून बोट चालू असताना पुढचं गेट बंद आणि त्याच्यापुढे कोणी बसायचं नाही, हा नियम आहे. पुढच्या कडेला पाय सोडून बसलेला माणूस घसरला तर बोटीखालून थेट प्रोपेलरकडे जातो. त्याला ट्यूब दोन आहेत की तीन, याने काय फरक पडणार?

वाऱ्याचंही तसंच. वारा बोटीला ढकलतो तो पाण्याच्या वरून: कठड्याचे पत्रे, सोफे, वरचं कापडी छत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तिसरी ट्यूब वरचा एकही पत्रा कमी करत नाही. धक्क्याला लागताना छत दुमडा, जमेल तेव्हा वाऱ्याला तोंड देऊन या, आणि इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून नुसतं स्टिअरिंग फिरवत बसू नका. आउटबोर्डची बोट वळते ती प्रोपेलरच्या धक्क्याने. आडव्या वाऱ्यात नवशिके धक्क्यावर आपटतात ते बहुतेक इथेच. लाटा उंच असतील, वेगाने वळायचं असेल, स्कीवाल्याला ओढायचं असेल, तर तीन ट्यूब खरंच चांगल्या. हे मी लेखातही लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात. आपण तिथपर्यंत वाचलंत की नाही, ठाऊक नाही.

तिसऱ्या ट्यूबचा मला इतका राग का, असं आपण विचारलंत. राग नाही. एक आठवण आहे. माझी पहिली बोट मी तीन ट्यूबचीच घेणार होतो. विकणारा पाऊण तास मधल्या ट्यूबचंच कौतुक करत होता. डेकवर नवंकोरं कार्पेट होतं. चालकाच्या सीटसमोर पाय ठेवला तर जमीन किंचित दबली. इतकी किंचित की वाटावं, कार्पेटच जाड असेल. सोबत आलेल्या माझ्या मेव्हण्याने कडेचं कार्पेट उचकटून स्क्रूड्रायव्हर टोचला, आणि तो ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मग आम्ही मधल्या ट्यूबच्या मागचा ड्रेन प्लग काढायला लावला. पाण्याची धार सुरू झाली ती पाव तास थांबली नाही. कुठल्यातरी वेल्डमधून ती ट्यूब कितीतरी दिवस पाणी पीत होती. शेवटी इंजिनाच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल बोटावर घेतलं, तर ते दुधासारखं पांढुरकं. म्हणजे तिथेही पाणी.

ट्यूब तीन होत्या. डेक कुजलेला, ट्यूब गळकी, इंजिन पाणी प्यायलेलं. म्हणून मी सांगतो की पहिल्यांदा घेणाऱ्याने ट्यूब मोजण्याआधी वाकून त्यांच्या खाली बघावं. वेल्डवरून हाताचं बोट फिरवावं, पोचे बघावेत, डेकवर टाच दाबत इंच न् इंच चालावं, इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्यावं आणि त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सरळ घरी जावं. इंजिन सुरू केल्यावर मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सलग पडते का, तेही बघावं. हे ज्याला जमलं, त्याने खुशाल तीन ट्यूबची घ्यावी, माझी काहीच हरकत नाही.

इंजिनाच्या ताकदीबद्दल आपण जे लिहिलंत ते मोठ्या बोटीला लागू आहे, माझा लेख मोठ्या बोटीबद्दल नव्हता. ट्रेलरवर वेगळं लिहीन. वॉरंटीचा मुद्दा वापरलेल्या बोटीच्या बाबतीत कसा येतो, ते मला समजलं नाही, सोडून देतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याला बोटींची माहिती आहे, ॲनोडच्या एका ओळीवरून ते कळलं. तीच माहिती ‘शहाणपण शिकवावं’ न म्हणता दिली असती, तर मी ती आनंदाने लेखात आपल्या उल्लेखासह घातली असती. इथे बरेच जण पहिल्यांदाच काही घ्यायला निघालेले असतात, घाबरलेले असतात, साधे प्रश्न विचारायला बिचकतात. आपला सूर वाचून त्यांच्यातल्या एकाने मला खासगीत विचारलं, “दोन ट्यूबची घेतली तर लोक हसतील का?” मला राग आला तो या प्रश्नामुळे. त्याला मी काल तासभर फोनवर समजावलं, आणि रविवारी त्याच्यासोबत बोट बघायला जातो आहे, स्क्रूड्रायव्हर घेऊन.

लेखातली ॲनोडची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.