नजरबंदीच्या नावाखाली मुलांना डोळे मिटायला शिकवू नका

जादूचं रहस्य शोधू नये, कारण शोधण्यासारखं काही नसतंच, असं सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. जादूगार अख्ख्या सभागृहावर एकदम संमोहन करतो, तीच नजरबंदी. ही विद्या आपल्या गोव्यातल्या कांदोळीच्या आबे फारिया या पाद्र्याने जगाला दिली. कॅमेऱ्यावर नजरबंदी चालत नाही, म्हणून फोटोत जादू उमटत नाही. एका जादूगाराने उशिरा येऊनही सगळ्यांच्या घड्याळांत जुनीच वेळ दाखवली, हा पुरावा. आणि जो मुद्दाम खोलात शिरतो, त्याच्या डोळ्यांना अपाय होतो.

असले फॉरवर्ड मी एरवी सोडून देते. हा मात्र डिचोलीला माझ्या बहिणीच्या घरी पोचला आणि पाचवीतल्या माझ्या भाचीने जत्रेतल्या जादूगाराचा व्हिडिओ मागेपुढे करून पाहायचं बंद केलं. आजीने तिला सांगितलं होतं, डोळे जातील.

आधी फारिया. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. हात पसरून उभा फारिया आणि समोर कोसळणारी बाई. गोव्यात वाढलेल्या प्रत्येकाने तो पाहिलाय, पण त्याचं म्हणणं काय होतं हे विचारायला कोणी थांबत नाही. मेस्मर या जर्मन वैद्याचे अनुयायी म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव्य समोरच्यात शिरतं. फारियाने पॅरिसमध्ये हे साफ नाकारलं. त्याचं म्हणणं, संमोहनातल्या झोपेचं कारण झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असतं. करणाऱ्याकडे कसलीही खास शक्ती नसते. 1819 साली, म्हणजे तो वारला त्याच वर्षी, त्याचा ग्रंथ आला, त्यात हेच मांडलंय. म्हणजे जे मत त्याने खोडून काढलं, तेच या संदेशाने त्याच्या नावावर खपवलंय. गोवेकरांनीच ते अभिमानाने पुढे पाठवावं, याचा मला खरंच राग येतो.

एक मान्य करते. रंगमंचावरचं संमोहन असतं. पण तिथे माणसं स्वखुशीने पुढे येतात, त्यांतली सूचना चटकन मानणारी निवडली जातात. तिकीट काढून बसलेल्या अख्ख्या सभागृहाला नकळत एकच खोटं दृश्य दाखवणं ही वेगळीच गोष्ट, आणि ती कोणी करून दाखवलेली नाही.

मग कॅमेऱ्याची गोष्ट आली कुठून? 1890 च्या ऑगस्टमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलं की हिंदुस्थानात एका फकिराने दोरी हवेत उभी केली, मुलगा तिच्यावर चढून गायब झाला, चित्रकाराने ते जसं दिसलं तसं रेखाटलं, पण सोबत्याच्या फोटोत ना दोरी, ना मुलगा. निष्कर्ष: सामुदायिक संमोहन. काही महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने कबूल केलं की बातमी रचलेली होती. कबुली फारशी कोणी वाचली नाही, गोष्ट मात्र जगभर गेली. आज आपल्या मोबाइलवर आलेला संदेश तिचाच वंशज. आणि जादू व्हिडिओत छान उमटते. 2006 साली इंग्लंडमध्ये कून आणि लँड या संशोधकांनी चेंडू वर फेकल्याचं नाटक व्हिडिओवर दाखवलं. चेंडू हातातच होता, तरी सुमारे दोन तृतीयांश लोकांना तो वर जाताना ‘दिसला’. जादूगाराने वर न पाहता हाताकडे पाहिलं, तेव्हा फसणारे निम्म्याहून कमी झाले. फसवलं त्याच्या नजरेने.

हेच मी भाचीला घेऊन बसले तेव्हा तिने स्वतः पकडलं. व्हिडिओत जादूगार डाव्या बोटांत नाणं धरतो, उजव्या हाताने उचलतो, मूठ उघडतो, नाणं नाही. हळू गतीने पाहताना ती म्हणाली, “मावशी, त्याचा डावा हात बघ ना, रिकामा असता तर सैल पडला असता.” खरंच, ती बोटं किंचित वळलेली होती. नाणं तिथेच, तळव्यात होतं. तो मात्र उजव्या मुठीकडे बघत होता, म्हणून आम्हीही तिकडेच बघत होतो.

डोळ्यांना अपाय होण्याची भीती मला सगळ्यात घातक वाटते. मुठीकडे निरखून पाहिलं की वाईट होतं, हे शिकलेलं मूल उद्या हातातून अंगारा काढणाऱ्या बाबासमोरही मान खाली घालणार. त्या बाबाला आणखी काय हवं असतं?

घड्याळांचा किस्सा वेगवेगळ्या जादूगारांच्या नावावर सांगितला जातो आणि सांगणारा स्वतः तिथे कधीच नसतो. त्यावर याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

चालू खेळात रहस्य ओरडून सांगू नये, हे मलाही मान्य आहे. जादूगाराचं पोट त्यावर आहे. घरी येऊन डोकं लढवायला मात्र कोणाचीच आडकाठी नको. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान एवढं लिहावं की डोळ्यांना काही होत नाही. ते मेसेज घरातली मुलंही वाचतात.