रकाना रिकामा ठेवू नये

अधीक्षकसाहेब, खुर्चीवर बसलात, अभिनंदन. बराकी सावकाश बघा, त्या कुठे पळून जात नाहीत (कैदी पळाला तर त्याचाही रकाना आहे). आधी तक्ता शिका.

सगळ्यात मोठा सण ३१ डिसेंबर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात त्या दिवशीची कैद्यांची संख्या लागते. उरलेले ३६४ दिवस माणसं कुशीवर झोपली की पाळीपाळीने, त्याला रकाना नाही. २०२२ च्या त्या दिवशी देशभरात ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० जण होते. याला गर्दी म्हणू नये. 'क्षमतेचा वापर १३१.४ टक्के' म्हणावं, म्हणजे कारखाना जोरात चाललाय असं वाटतं. आणि घाबरू नका, तो अहवाल यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर आपली बदली होते.

आता पुनर्वसन. शिलाई, सुतारकाम, विणकाम, साबण-फिनेल, रकाने तयारच आहेत, फक्त माणसं बसवायची. अडचण एवढीच की दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही. जामीन कधी होईल ते त्यांना ठाऊक नाही, वकिलालाही नाही. सदऱ्याची एक बाही शिवून होते न होते तोच हा सुटतो. सुटला नाही तर आणखी पंचाईत: गुन्हाच अजून शाबीत नाही, मग याला सुधारायचं तरी कशातून? असले प्रश्न पडू लागले की पाणी प्यावं. पहिल्या दिवशी ज्याने सही केली तो प्रशिक्षित. मशीन बंद होतं, हे लिहायला रकान्यात जागा नसते, ही देवाचीच कृपा.

मृत्यूच्या तक्त्यात 'नैसर्गिक' हा फार मायाळू शब्द आहे. खोकला महिनाभर कुणी तपासला नाही, डॉक्टरचं पद रिकामं होतं, दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड मिळाला नाही. क्षय तर नैसर्गिकच ना!

सुटणाऱ्याला दारातच 'पुनर्वसित' करून टाका. त्याला काम मिळालं का, घरच्यांनी दार उघडलं का, ते बघायला जाऊ नका. प्रवासभत्ता मंजूर होणार नाही. सहा महिन्यांनी तोच परत आला तर ओळख दाखवू नका. नवीन दाखल म्हणून घ्या आणि पुन्हा शिलाईला बसवा. प्रशिक्षित दोन झाले.